शिंगं नेली, बकरा टाकला

आमच्या वाडीतला गंगाराम पाष्टे न्यूझीलंडला शिकाऱ्यांच्या तळावर स्वयंपाकी म्हणून गेला आणि आठ महिन्यांत परत आला. बायकांनी ठरवून टाकलं, की मडमेचं काहीतरी लफडं असणार. दोन दिवस मीही तेच सांगत फिरलो, खोटं कशाला बोलू. शेवटी तोच माझ्या पडवीत येऊन तणतणला.

"अण्णा, बर्फाच्या कड्यावरचा रानबकरा. साहेब त्याच्यामागे तीन दिवस चढतोय, त्याचा तंबू पाठीवर घेऊन मी मागे. एका गोळीत पाडलान. मग फोटो काढलान, शिंगांसकट मुंडकं कापलान आणि चालायला लागला."

"आणि मटण?"

"म्हणतो, राहू दे, एवढं वजन कोण वाहणार. माझा बाप डुकराच्या शिकारीत हाकारा घालायचा. बार टाकणाऱ्याला वाटा, हाकाऱ्यांना वाटा, कुत्र्यालासुद्धा वाटा. आणि हा अख्खा जीव पाखरांना टाकून निघाला, मेल्याला लाज नाही."

गंगारामने साहेबाचा तंबू तिथंच कड्यावर टाकला, बकऱ्याची मागची तंगडी खांद्यावर घेतली आणि खाली उतरला. तळावर अकरा माणसं होती, त्याने अकरा वाटे घातले. तंबू टाकून आला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

"अकरांत साहेबही आला की रे, गंग्या. त्याला कशाला दिलास?"

"बार त्याचा होता ना," गंगाराम माझ्यावरच उखडला. "त्याचा वाटा मी कसा खाऊ?"