भाषा बोलणारे आम्ही दोघंच

माझ्या मामांनी एक भाषा तयार केली होती. ती मी बंद पाडली.

उत्तममामा काल पूर्णा गावी वारले. रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे.

लहानपणी शाळेत कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "तुमच्या वाडवडलांची भाषा कोणती रे?" आणि सगळा वर्ग हसला होता.
ते हसणं मामांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मी दहा वर्षांची, मामांकडेच राहायची. ड्यूटीवरून आले की मामा क्वार्टरच्या ओट्यावर वही घेऊन बसायचे.
"वाडवडलांची भाषा कुणी लिहून ठिवली न्हाई माय. मग आपुनच करू. खोटी आसंल, पण आपली हाय."

'नेल' म्हणजे उजेड. 'कूर' म्हणजे घर.
नेलकूर म्हणजे डोळा.
'अम' म्हणजे पाणी, म्हणून घागर झाली अमकूर. असं शब्दाला शब्द जोडत जायचं.

'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नव्हतेच. मालक असो की मजूर, सगळ्यांना एकच शब्द. हा नियम मामांनी सगळ्यात आधी लिहिला.

आणि एक कायदा लय कडक. नवा शब्द दोन माणसांनी खऱ्या कामात वापरल्याशिवाय वहीत चढणार नाही.
ते दुसरं माणूस म्हणजे मी.

पाणी भरताना, दिवा लावताना आम्ही तीच बोलायचो. समोरून मालगाडी हळूहळू जायची, आणि मला खरंच वाटायचं, आपली फार जुनी माणसं ओट्यावर येऊन ऐकत बसलीत.

मामी म्हणायच्या, "दोघं बी येडे झालेत."

मग मी परभणीला कॉलेजात गेले. शहाणी झाले ना.
एकदा मामा धपाटे घेऊन हॉस्टेलच्या गेटवर आले आणि तिथूनच आमच्या भाषेत हाक मारली. मैत्रिणी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, मराठीत बोला ना."
"बरं माय."
धपाटे हातात दिले आणि स्टेशनकडे चालू लागले.

त्यानंतर माझ्याशी कायम मराठीतच बोलले. कधी रागावले नाहीत. मीही विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात मामींनी वही दाखवली. त्या दिवसानंतर एकही नवा शब्द नाही. पानं मात्र शेवटपर्यंत आखून ठेवलेली.

परवा दुपारी दवाखान्यात मी त्यांच्या कानाशी वाकले आणि इतक्या वर्षांनी बोलायला लागले. अडखळत होते, चुकत होते.

मामांनी डोळे उघडले.
"मी समदं इसरलो गं माय," म्हणाले. "तू बोल. मी ऐकायलोय."

मला येत होतं तेवढं सगळं बोलले. संपलं, तर तेच परत बोलले.

माफ करा मामा. तुमच्या भाचीचा शेवटचा जयभीम.