भस्माचे पट्टे

पंचाक्षरीचं दुकान आलं हे तामलवाडीत आधी नाकाला कळतं. आत एका बाजूला तेलाची पिंपं, दुसऱ्या बाजूला ॲसिडचे काळे कॅन आणि मधल्या स्टुलावर पंचाक्षरी. तेल न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बेस ऑइल समजावल्याशिवाय हा गडी सोडत नाही. बेस ऑइल म्हणजे नुसतं पीठ. त्यात मसाला पडला की त्याचंच इंजिनाचं तेल होतं, गिअरचं होतं. ऐकून ऐकून गावाला पाठ झालंय.

ॲसिडच्या बाबतीत मात्र थट्टा बंद. बॅटरीत घालायचं वेगळं, ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायचं वेगळं, पण कातडी सोलायला दोन्ही सारखीच. कॅनवरचं धोक्याचं लेबल तेलकट हातांनी लगेच निघून जायचं. मग पंचाक्षरीनं शक्कल लढवली. प्रत्येक कॅनवर पांढऱ्या रंगाचे तीन आडवे पट्टे ओढले, थेट कपाळावरच्या भस्मासारखे. भस्म दिसलं की माणूस जपून हात लावतो, हा त्याचा हिशेब. या अकलेवर स्वारी भलतीच खूश होती.

एका सोमवारी वस्तीवरचा धुळाप्पा गिअरचं तेल न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की वस्तीवरच्या म्हाताऱ्या चन्नम्मानं सगळ्यांना तीर्थाला बोलावलंय, पंचाक्षरीनं श्रीशैलहून आणलेल्या तीर्थाला. पंचाक्षरी नुकताच श्रीशैलला जाऊन आला होता, हे खरं. पण तीर्थ त्यानं कुणालाच दिलं नव्हतं. चन्नम्माच्या मुलानं, गौरीशंकरनं, आदल्या दिवशी नेला होता तो ठिबकसाठीचा ॲसिडचा कॅन.

पंचाक्षरी स्टुलावरून ताडकन उठला. गौरीशंकरचा फोन लागेना. दुकान उघडंच टाकून त्यानं मोटरसायकल काढली. वाटेत डोळ्यांपुढं तीर्थासाठी पुढं केलेल्या ओंजळी दिसत होत्या.

चन्नम्माच्या ओसरीवर बायामाणसं बसली होती. देव्हाऱ्यात समईशेजारी त्याचाच कॅन, वर बेलाचं पान आणि सील तसंच शाबूत. घरचे गुरू जंगमस्वामी, त्यांनी घेतल्याशिवाय या घरात तीर्थाला कुणी हात लावत नाही, आणि स्वामींची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. त्या पंक्चरला पंचाक्षरीनं मनोमन हात जोडले. कॅन छातीशी धरून तो अंगणात आला, मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

कॅनमध्ये काय आहे ते कळल्यावर चन्नम्माही भिंतीला टेकून बसली. गौरीशंकर कॅन ओसरीत ठेवून, न सांगताच सोलापूरला गेला होता. पंचाक्षरी त्याच्या नावानं तणतणू लागला, तशी म्हातारी म्हणाली, "भस्म तर तूच लावलंस की. मग म्या काय समजायचं?"

पंचाक्षरीचा आवाज खाली आला. "चुकलं माझं, अक्का."

तो कॅन घेऊन दुकानात आल्यावर त्यानं सगळे पट्टे खरवडून काढले. आता खूण काय करावी? लाल फडकं बांधावं, तर तुळजापूर जवळच. लोक देवीचं समजून ओटी भरतील. शेवटी त्यानं घरातल्या फाटक्या चपला आणल्या आणि कॅनच्या मुठींना बांधायला घेतल्या. चपला कमी पडल्या.

दुसऱ्या दिवशी चन्नम्मा स्वतः दुकानात आली. पिशवीतून आपल्या झिजलेल्या चपला काढून तिनं त्याच्यापुढं ठेवल्या.

"ह्या बांध. बघू आता ह्याच्यापुढं कोण दिवा लावतंय."

पंचाक्षरी पोट धरून हसला. मग डोळे पुसले आणि गौरीशंकरच्या कॅनला पहिली तिचीच चप्पल बांधली.