लोरेतचा गुरुवारचा तास

“मला कसली घाई?” असं लोरेत वलेत जन्मभर म्हणत आली. बुटांच्या कारखान्यात फोरमन मागे येऊन उभा राहिला तरी टाका न सोडता हेच म्हणायची. पस्तीस वर्षं तिनं हातानं बूट शिवले. कारखाना बंद पडला, अंगठ्याचा घट्टा मात्र राहिला.

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या, जुन्या घरांत अजून फ्रेंच बोलणाऱ्या नदीकाठच्या त्या गावात, दर गुरुवारी सकाळी दहाला, ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसायची. पलीकडे हॅडली, विद्यापीठात फ्रेंच शिकणारी, बोलायचा सराव करायला. नियम एकच, आणि तो लोरेतचा: तासात इंग्रजीचा शब्द नाही. शेजारी बसून नवरा रोझेर मधेमधे नाक खुपसायचा.

रविवारी रोझेर गेला. सगळ्यांना फोन लेकीनं, क्लोदेतनं केले. लोरेतनं ते वाक्य स्वतःच्या तोंडानं अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेलं जेवण झाकलेलंच पडलं होतं.

“आई, आज तरी नको जाऊस.”

“पोरगी वाट बघत बसेल.”

क्लोदेतनं गाडी काढली.

पडदा उजळला. “बोंझूर, मादाम! आमचे मुस्यू कुठे लपले? गोठलेल्या तळ्यावरची मासे धरायची त्यांची झोपडी बर्फ फुटून पाण्यात गेली, पुढचं आज सांगणार होते.”

“गेली. शेगडीसकट. हा तेवढ्यात लघवीला बाहेर आला होता, म्हणून वाचला.”

हॅडली खळखळून हसली. “थापा! बोलवा त्यांना, मी त्यांनाच विचारते.”

लोरेत टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

“रोझेर मेला,” ती म्हणाली. “रविवारी. दाढी करताना.”

दुसऱ्याच कुणाची बातमी वाचून दाखवावी, तसा आवाज निघाला.

हॅडलीनं तोंडावर हात धरला. इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, मग नियम आठवून फ्रेंचमध्ये चाचपडू लागली.

“तसं नाही म्हणत, पोरी. ऐक. ‘तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.’ म्हण.”

हॅडलीनं म्हटलं.

“शब्द गिळू नकोस. परत.”

तिसऱ्यांदा, डोळे पुसत, तिनं नीट म्हटलं.

“हं. शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधीला दोनशे माणसं हेच म्हणतील, आणि निम्म्यांना धड जमायचं नाही.”

लोरेतनं कोटाची बटणं लावली. पडदा बंद करायचं राहून गेलं. उघड्या दारापलीकडे पुस्तकांच्या रांगांमधून करड्या कोटातली तिची पाठ लहान होत गेली, आणि शंभर मैलांवरून हॅडली ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.