क्रेनवरून जोडलेले हात

मी शेडमध्ये पोचले तेव्हा ट्रान्सफॉर्मरची टाकी अजून क्रेनला लटकत हवेतच होती. खाली लोखंडी प्लॅटफॉर्म आडवा पडला होता, त्याची शिडी वाकली होती आणि भोवती माणसं कमरेवर हात ठेवून वर बघत उभी होती. कुणाला लागलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर काम करणारा फिटर पाणी प्यायला खाली उतरला होता, म्हणून वाचला. तो भिंतीला टेकून बसला होता. हातातला ग्लास तसाच भरलेला होता.

"पहले लोड नीचे रखवाओ," प्लांट हेड तिवारी साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "और मॅडम, आप वानखेडे की चार्जशीट बनाइए."

आमचा कारखाना भोपाळात, आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोडला आहे. विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर बनवतो. मी तिथे एचआरला आहे. एचआर म्हणजे भरती, रजा, हजेरी आणि माणसांची भांडणं. यातलं शेवटचं काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं, पण दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

वानखेडे म्हणजे प्रभाकर वानखेडे, आमच्या सगळ्यात मोठ्या क्रेनचे ऑपरेटर. ही क्रेन छताखालच्या रुळांवर चालते. ऑपरेटर वर एका काचेच्या केबिनमध्ये बसतो. खाली जमिनीवर असतो तो रिगर. लोडला साखळ्या आणि पट्टे बांधायचे आणि हाताच्या इशाऱ्यांनी ऑपरेटरला सांगायचं, वर घे, खाली घे, थांब. वरच्याला खालचं नीट दिसत नाही. खालच्याच्या हातावर भरवसा ठेवूनच तो लिव्हर ओढतो. वानखेड्यांचे रिगर होते रामस्वरूप कुशवाह. दोघांची जोडी वीस वर्षांची. नव्या मुलांना त्यांचं काम बघायला मुद्दाम उभं करत.

लोड मोठा असला की रिगर त्याच्या मागे जातो आणि त्याचे हात वरून दिसेनासे होतात. अशा वेळेसाठी दोघांना वॉकी-टॉकी दिलेला असतो. शेडमध्ये त्याला 'सेट' म्हणतात. नियम सरळ आहे. रिगर दिसत नसेल आणि सेटवर त्याचा आवाजही येत नसेल, तर ऑपरेटरने थांबायचं. वानखेडे थांबले नाहीत. टाकी सरकली आणि प्लॅटफॉर्मवर आदळली.

रामस्वरूपनी सांगितलं, "हमारा सेट बंद था."

सेफ्टीवाल्यांनी तो सेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी बटण दाबलं. चालू होता.

तिवारी साहेबांना एवढ्या खोलात जायचं नव्हतं. "ऑपरेटर नहीं रुका, बस," ते म्हणाले. "उन्हें केबिन से हटाइए, स्टोअर में बिठाइए." वानखेड्यांच्या निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजत शेवट करायचा, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मला ते ठाऊक होतं आणि साहेबांनाही. मी साहेबांकडे चौकशी होईपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यांनी दिली, पण तोंड वाकडं करून.

मी वानखेड्यांना बोलावलं. नागपूरकडचा माणूस, कमी बोलणारा. माझे वडीलही सरकारी नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आलेले, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत चालतं.

"दिसत नव्हता, तर थांबला का नाहीत?"

"थांबायचं होतं, मॅडम. चुकलं माझं."

"पण का नाही थांबलात?"

"सेटवर तो बोलतच नाही. सहा महिने झाले. थांबलो असतो तर रोजच थांबा लागलं असतं. तो मागं गेला की किती वेळात पलीकडून निघते, हे मले ठाऊक आहे. तेवढं धरून मी लोड चालवत होतो. त्या दिवशी तो प्लॅटफॉर्म मधात होता. त्याले फिरून यायला वेळ लागला."

सहा महिने आमच्या डोक्यांवरून एवढाले लोड नुसत्या अंदाजावर फिरत होते आणि कुणालाही पत्ता नव्हता. दोन कारकून बोलेनासे झाले तर चार दिवसांत ऑफिसभर होतं. या दोघांचं कामच मुक्यानं चालतं. त्यांच्यात अबोला धरला गेलाय हे कळणार कुणाला आणि कसं?

"का बोलत नाही तो?"

"ते त्यालेच विचारा," वानखेडे म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कँटीनमध्ये गेले, तर वानखेडे थाळी घेऊन रांगेत उभे. मी थबकले. हा माणूस कँटीनमध्ये जेवत नसे. त्यांचं कुटुंब नागपूरला. आनंद नगरात ते एकटे भाड्याच्या खोलीत राहतात, रामस्वरूपच्या घराच्या मागच्या गल्लीत. त्यांचा डबा रामस्वरूपची बायको भरून द्यायची. स्टीलचा तीन पुडांचा डबा वानखेड्यांचाच होता. सकाळी रामस्वरूप भरलेला डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळी वानखेडे तो स्वतः परत द्यायला जायचे. कधी त्यात चार पेरू, कधी पावभर शेव, नागपूरहून आले की संत्र्याची बर्फी. भाभींचा नियमच होता, खाली डब्बा घर में नहीं आता. आपल्याकडेही कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

भाभी उन्हाळ्यात वारल्या, हेही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या नोटीस बोर्डावर शोकसंदेश लागला होता. तो मीच लावला होता. डबाही तेव्हाच बंद झाला असेल, हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं.

मी थाळी घेऊन त्यांच्यासमोर बसले. जेवता जेवता त्यांनी सांगितलं, ते असं.

भाभी गेल्या त्या दिवशी रामस्वरूपनी सकाळी एक मोठा लोड बांधला. ट्रान्सफॉर्मरचा आतला गाभा टाकीत उतरवायचा होता. हे काम बोट बोट करत चालतं आणि तोवर लोड हुकवरच लटकत राहतो. लोड उचलला आणि हॉस्पिटलमधून फोन आला. रामस्वरूप तसेच निघाले. खाली दुसरा रिगर उभा राहिला, पण वर बदली माणूस नव्हता. त्या क्रेनचा दुसरा ऑपरेटर गावी गेला होता. लोड हुकवर असताना ऑपरेटरला केबिन सोडता येत नाही. भाभी गेल्याचं वानखेड्यांना वरच कळलं.

"लोड ठेवला आणि अंगावरच्या कपड्यानं विश्रामघाटावर गेलो," ते म्हणाले. "चिता पेटून लोक परत निघाले होते. मी झाडामागं उभा राहिलो. मॅडम, मी तिच्या हातचं वीस वर्षं जेवलो, आणि तिले खांदा नाही देऊ शकलो. कोणत्या तोंडानं समोर जाऊ? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता तेरवी झाली."

"आणि ते कामावर परत आले तेव्हा?"

"डोकं भादरलेलं होतं. खाली उभा राहून त्यानं वर पाहिलं. मी वरून हात जोडले."

"खाली नाही उतरलात?"

"उतरता आलं असतं. हुकवर काही नव्हतं," एवढंच ते म्हणाले आणि पोळी तशीच ठेवून उठले.

हे ऐकून आधी मला बरं वाटलं, हे सांगायला हवं. आम्हा एचआरवाल्यांना हॉटेलात नेऊन भांडणं सोडवायचं ट्रेनिंग देतात. तिथे शिकवतात की बहुतेक भांडणांच्या मुळाशी गैरसमज असतो. तो काढला की झालं. मला वाटलं, रामस्वरूपना लोडची अडचण कळली की गाठ सुटेल. त्याच संध्याकाळी मी त्यांना बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. बदली माणूस नव्हता, लोड हुकवर होता, उतरणं शक्यच नव्हतं.

रामस्वरूप शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, वो लोड हमने ही बाँधा था. हमको नहीं मालूम होगा? शाम तक तो उतर गया होगा. उसके बाद?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तेरह दिन घर में लोग आए," ते म्हणाले. "जिनको हम जानते नहीं, वो भी आ के बैठे. हम गली की तरफ देखते रहे. वो पिछली गली में रहता है. फिर ड्यूटी पे आए, तो उसने ऊपर से हाथ जोड़ दिए. जैसे इशारा होता है न, वैसे. अब हम उससे क्या बोलें?"

"पण सेट चालू होता, रामस्वरूपजी," मी म्हणाले. "तुमच्या एका शब्दावर त्यांची केबिन जाणार आहे."

ते उठले. दारापाशी क्षणभर थांबले, पण वळून बघितलं नाही.

इथे गैरसमज कुठेच नव्हता. दोघांनाही सगळं लख्ख माहीत होतं. माझं हॉटेलातलं शिक्षण तिथेच संपलं.

मी वानखेड्यांना म्हटलं, "आजच जा त्यांच्या घरी. नुसते जाऊन बसा."

त्यांनी मान हलवली. "आता नाही जमत, मॅडम. आता गेलो तर तो म्हणेल, नोकरीसाठी आला. इतके दिवस भाभीसाठी नाही आला, साक्षीसाठी आला."

खरंच होतं ते. चौकशी होईपर्यंत तो दरवाजा बंद होता, आणि चौकशीनंतर काय उरणार होतं कोण जाणे. कोलार रोडला घरी परतताना मी स्कूटर चालवत स्वतःशीच चडफडत होते. सहा महिने एका गल्लीच्या अंतरावर राहून दोन शहाणी माणसं अशी वागतात, आणि निस्तरायला मी.

चौकशीला तिवारी साहेब, सेफ्टी ऑफिसर आणि मी होतो. समोर ते दोघे, मध्ये एक रिकामी खुर्ची. वानखेड्यांनी सांगून टाकलं की चूक आपली, आपण थांबायला हवं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे लिहा आणि संपवा. मी रामस्वरूपना विचारलं, "सेटबद्दल तुम्हाला काही बदल करायचा आहे?"

त्यांनी वानखेड्यांकडे न बघता मान वर केली.

"सेट चालू था," रामस्वरूप म्हणाले. "हम नहीं बोले."

"उस दिन?" साहेबांनी विचारलं.

"छह महीने से नहीं बोले. उस दिन भी नहीं बोले. ये पुकारता था, हम सुनते थे." मग साहेबांकडे बघत म्हणाले, "आदमी मर जाता, साहब. ये हमारी गलती है. इसको केबिन से मत हटाइए."

वानखेड्यांचे हात आपोआप जोडले गेले. रामस्वरूपनी ते पाहिलं.

"हाथ नीचे रखिए, वानखेडेजी," ते म्हणाले. वीस वर्षं ते त्यांना परभाकर म्हणत आले होते.

निकाल असा लागला. वानखेड्यांना लेखी ताकीद मिळाली आणि केबिन राहिली. रामस्वरूपना रिगिंगवरून काढून मागच्या यार्डात पाठवलं, जिथे क्रेन नाही. शिक्षा जड होती. मी साहेबांशी वाद घातला, पण खोटं सांगितलं होतं आणि जीव जाता जाता राहिला होता, यावर मला बोलता येईना. रामस्वरूपनी कागद न वाचता सही केली.

त्या रविवारी वानखेडे आनंद नगरच्या त्या घरी गेले. सोमवारी ते माझ्या केबिनमध्ये आले, न बोलावता.

"गेलो होतो, मॅडम."

"बोलले?"

"बसा म्हणाला. सूनबाईंनी चहा दिला. भिंतीवर भाभीचा फोटो आहे, हार घातलेला. तासभर बसलो. मी माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे. निघताना आतून माझा डबा आणून दिला. ती हॉस्पिटलात गेली तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिला होता. घासूनपुसून लख्ख केलेला. म्हणाला, ये आपका है."

मग ते पुढे म्हणाले, "रस्त्यात हातालेच कळलं, हलका आहे. तरी घरी येऊन तिन्ही पुडं उघडून पाहिले."

त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि ड्यूटीवर गेले.

आता त्या क्रेनखाली नवा रिगर आहे. सेट दिवसभर चालू असतात. वानखेडे प्रत्येक इशारा तोंडानं बोलून खात्री करून घेतात, आणि सेफ्टीवाले पाहुण्यांना ती क्रेन दाखवायला नेतात. रामस्वरूप यार्डात वेळेवर येतात, वेळेवर जातात. दोघे गेटवर समोरासमोर आले की एकमेकांना नमस्कार करतात. तक्रार कुणाचीच नाही.

फाइलवर मी 'प्रकरण मिटले' असं लिहून सही केली. नियमानुसार ते बरोबरच आहे. आमच्या खात्यात मिटलं याचा अर्थ काम पुन्हा सुरू झालं, इतकाच असतो. बाकीचं ज्याचं त्यानं वेळेवर जाऊन मिटवायचं असतं, हुकवर काही नसताना.