तिसऱ्यांदा विचारणे

आमच्या केस्लर गावात कोणत्याही गोष्टीला पहिल्याच विचारण्यात होकार देणे अशिष्ट समजले जाते. कॉफी असो, सुगीतली मदत असो वा चर्चच्या समितीतले पद. विचारणाऱ्याने तीनदा विचारावे आणि समोरच्याने आधी दोनदा नाकारावे, हा शिरस्ता आमच्या जर्मन आणि डॅनिश पूर्वजांनी रूळ टाकता टाकता, शेते नांगरता नांगरता इथे रुजवला असावा. अर्डिस फोग्टचे सारे आयुष्य या शिरस्त्यात गेले आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यानेच तिला अडचणीत आणले.

अर्डिसचे वडील रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आई स्टेशनातल्या खाणावळीत स्वयंपाक करी. गाडी सुटण्यापूर्वी प्रवाशापुढे गरम जेवण आले पाहिजे, ही शिस्त अर्डिस लाकडी खोक्यावर उभी राहून आईकडून शिकली. पुढे ती शेतकऱ्याशी लग्न करून मक्याच्या शेतांत गेली, आणि नवऱ्यामागे जमीन खंडाने देऊन गावात परतली. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या तिच्या हातची चिली नावाची घेवड्याची तिखट आमटी आणि सोबत दालचिनीचा गोड रोल खाऊन गावाच्या दोन पिढ्या वाढल्या. ही जोडी बाहेरच्यांना विचित्र वाटते. आम्हाला विचित्र वाटतात ते बाहेरचे.

स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या केव्हाच बंद झाल्या. धान्याच्या मालगाड्या तेवढ्या न थांबता जातात. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा गावाने ती वाचवली, छप्पर नवे केले आणि तिथली खाणावळ पुन्हा सुरू करायचे ठरवले. ती चालवण्यासाठी सर्वांच्या मनात एकच नाव होते. अर्डिसच्याही मनात तेच होते. आईचे लाटणे तिने तेल लावून बाहेर काढून ठेवले होते.

खाणावळीसाठी नेमलेल्या समितीच्या वतीने धान्यकोठाराचा व्यवस्थापक मर्ल ओस्टरगार्ड तिच्याकडे गेला. दोघे शाळेत एका बाकावरचे. पाऊस, मक्यातली ओल आणि कोणाचे कोणते ऑपरेशन झाले, हे सारे उरकल्यावर तो म्हणाला, ‘‘खाणावळ तू घ्यावीस, असं म्हणतायत सगळे.’’

‘‘मी? छे. एखादी तरुण बाई बघ की.’’

पंधरवड्याने चर्चच्या तळघरात, भांडी विसळताना, त्याने पुन्हा विषय काढला. ‘‘तरुण बाई काही सापडली नाही.’’

‘‘सापडेल. घाई कसली आहे?’’

इथवर सारे रीतसर झाले. पण त्याच दिवशी तळघराच्या पायऱ्या चढताना अर्डिस कठड्याला धरून मध्येच थांबली, ते मर्लने पाहिले. तिच्या गुडघ्याची त्याला दया आली, आणि आता आणखी आग्रह म्हणजे छळ, असे समजून त्याने तिसऱ्यांदा विचारलेच नाही. पुढे सुगी आली. दरम्यान समिती शहरातल्या एका कॉफीवाल्याशी बोलू लागल्याची बातमी फिरली.

अर्डिस मात्र मर्लची वाट पाहत रोल भाजत राहिली. तो येईना, म्हणून ते शेजाऱ्यांत वाटले जात. शेजारच्या घरात मेक्सिकोहून आलेली, अंड्यांच्या कारखान्यात काम करणारी रोसाल्बा राही. एके दिवशी तिने विचारले, ‘‘मिसेस फोग्ट, तुम्हाला खाणावळ हवी आहे ना?’’

‘‘आता हवी म्हणजे... कोणी म्हटलंच तर.’’

‘‘मग जाऊन सांगा ना त्यांना.’’

‘‘असं कोणी आपणहून सांगत नाही, बाई. ते तिसऱ्यांदा विचारतात.’’

‘‘आणि नाहीच आले तर? सांगू का, माझी आजी असती ना, तर एव्हाना चुलीजवळ जाऊन बसली असती. उठवा म्हणावं.’’

दुसऱ्या दिवशी अर्डिस रोलांचे ताट घेऊन धान्यकोठारावर गेली. मका भरलेले ट्रक रांगेत होते. तिला पाहताच मर्ल लगबगीने खुर्ची शोधू लागला.

‘‘बसायला नाही आले,’’ ती म्हणाली. ‘‘तू मला दोनदाच विचारलंस.’’

मर्ल तिच्या गुडघ्याकडे पाहत राहिला. ‘‘मला वाटलं, तुला झेपणार नाही.’’

‘‘गुडघा माझा आहे. स्टुलावर बसून कणीक मळता येते. पण मला आपणहून येऊन ‘हो’ म्हणता येत नाही, ते तुला माहीत आहे. तेव्हा विचार.’’

रांगेतल्या एका शेतकऱ्याने खिडकीतून डोके काढले. ‘‘मर्ल, विचार बाबा लवकर. माझा मका इथंच उगवेल.’’

मर्लने टोपी काढली. ‘‘अर्डिस, खाणावळ चालवशील?’’

‘‘चालवते,’’ ती म्हणाली. आमच्याकडे इतका स्वच्छ होकार सहसा ऐकू येत नाही, त्यामुळे मर्ल क्षणभर आणखी काही येईल म्हणून थांबला. तिने त्याच्या हातात ताट दिले आणि ती निघाली.

आता त्या खाणावळीत रोसाल्बा सुट्टीच्या दिवशी मदतीला असते. तिला रोल विचारला की ती पहिल्याच विचारण्यात ‘हो’ म्हणते. अर्डिसला त्याचे नवल वाटत नाही. म्हातारे शेतकरी अर्थात ‘नको, नको’च म्हणतात. कधी दुसऱ्या नकारानंतर मालगाडी येते, कप थरथरतात, काही ऐकू येईनासे होते. अर्डिस कॉफीचे भांडे हातात धरून टेबलाशी उभी राहते. शेवटचा डबा निघून जातो, खिडक्या शांत होतात, आणि मग ती तिसऱ्यांदा विचारते.