गुडघ्याची सुट्टी

गादीवाल्याला बसता येत नव्हतं. हसू नका, खरं तेच सांगतोय. सगळा जन्म लोकांच्या सोफ्यांत स्पंज भरण्यात आणि खुर्च्यांना रेक्झीन ठोकण्यात गेला. डॉक्टरच्या दवाखान्यातले बाक त्याचे, सलूनमधल्या फिरत्या खुर्च्या त्याच्या. निम्मं गाव त्याच्या कारागिरीवर बूड टेकून होतं. पण स्वतः? दुकानात जरा सवड मिळाली की हा उभ्या उभ्या खिळे निवडायचा. बायको म्हणायची, "अहो, टेका की घटकाभर!" ती होती तोवर त्याने ऐकलं नाही. ती गेली, आणि टेका म्हणणारंच कोणी उरलं नाही. मुलगा दूरदेशी. रविवारी फोन करायचा, "बाबा, जेवलात ना?" विचारून मोकळा व्हायचा. घर नुसतं खायला उठायचं. म्हणून गादीवाला दुकानाला कुलूप लावायला जमेल तेवढा उशीर करायचा.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त म्हणजे पोस्टमन. नोकरी संपली तरी लोकांनी त्याला पोस्टमनच ठेवला. त्याच्या घरी मात्र बायको, मुलगे, सुना, नातवंडं, अशी गर्दी की दारात चप्पल काढायला जागा मिळायची नाही. या माणसाने जन्मभर सायकल मारली ती दुसऱ्यांच्या दारापर्यंत. समुद्र कधी पाहिला नव्हता. आता त्याने मनात घेतलं, की गावची नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत सायकलने जायचं आणि सायकलनेच परत यायचं. "येतोस का?" त्याने गादीवाल्याला विचारलं. गादीवाला हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. दोन्ही सायकलींच्या सीटा काढून घेऊन गेला आणि जाड स्पंज भरून, नवं रेक्झीन चढवून आणून दिल्या.

निघताना पोस्टमनने एकच नियम घातला. "आपली वयं झाली. ज्याचं अंग दुखेल त्याने सांगायचं, त्या दिवशी मुक्काम. दुसऱ्याने हुज्जत घालायची नाही."

पहिल्यांदा अंग दुखलं ते पोस्टमनचंच. कंबर धरली. एका लॉजवर खोली घेतली, धुतलेले कपडे खिडकीपासून दारापर्यंत दोरीवर टाकले, चेनींना तेल दिलं आणि पोस्टमन आडवा झाला. गादीवाल्याचा हात कुठला स्वस्थ बसतोय! जित्याची खोड. लॉजवाल्याची फाटकी खुर्ची ओढून तो सुई-दोरा शोधायला लागला.

"अरे गाढवा, विश्रांती म्हणजे काय असतं ठाऊक आहे का तुला? पड मुकाट्याने!"

पडला. छताचा पंखा कुरकुरत होता. पोस्टमन घोरायला लागला, मधेच खोकला, कूस बदलून झोपेतच काहीतरी पुटपुटला. आणि गादीवाल्याचे डोळे भरून आले. भरदुपारी शेजारच्या खाटेवर कोणीतरी श्वास घेतंय, हे त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या दुपारी तो गाढ झोपला. संध्याकाळी पोस्टमनने पाय ओढून उठवलं तेव्हा त्याला वाटलं, आणखी एक दिवस असाच मिळाला तर काय बहार येईल.

पण पोस्टमनची कंबर मेली दुसऱ्या दिवशी ठणठणीत!

मग पुढच्या गावी गादीवाल्याचा गुडघा दुखला. त्याच्या पुढे पुन्हा दुखला. दुखत काही नव्हतं हो, पण नियम होता, हुज्जत घालायची नाही. पोस्टमन बिचारा लॉजच्या स्वयंपाकघरातून वाटीत तेल गरम करून आणायचा, चांगला दाबून चोळायचा आणि चोळता चोळता गल्लीतल्या दारादारांच्या गोष्टी सांगायचा. गादीवाल्याला लाज वाटायची. पण वाट जितकी लांबेल तितकं ते रिकामं घर लांब राहील, एवढंच त्याला कळत होतं.

समुद्र एका दिवसावर आला. वाऱ्याला खारट वास यायला लागला होता. म्हणजे आता जायचं संपलं, परवापासून परतीचा रस्ता. सकाळी पोस्टमन सायकलीला पिशव्या बांधत होता, तेवढ्यात गादीवाला खाटेवर बसून म्हणाला, "गुडघा फारच धरलाय रे."

पोस्टमनने पिशव्या सोडल्या, बाहेर गेला. बऱ्याच वेळाने दोन चहा घेऊन आला. "घरी फोन केला. थोरला टेम्पो घेऊन येतोय. सायकली मागे टाकू."

"काय? अरे, समुद्र इथे नाकासमोर आला!"

"समुद्र कुठे पळून जातोय? तुझा पाय गेला तर दुसरा मिळणार आहे का?"

गादीवाला ताडकन उभा राहिला. उठाबशा काढल्या, एका पायावर उभं राहून दाखवलं. "हे बघ! काही दुखत नाही. दुखतच नव्हता कधी. शपथ!"

"पुरे. मला समुद्र बघायचाय म्हणून दुखणं लपवतोयस. ओळखत नाही का मी तुला?"

"अरे, खरंच नव्हता दुखत!"

"मग दुखतोय म्हणालास कशाला?"

आता बोल! उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मला घरी जायचं नाही, तिथे कोणी नाही. पण ज्याच्या दारात चप्पल काढायला जागा नाही, त्याला हे कसं सांगायचं? गादीवाला खाली बसला. पोस्टमनला वाटलं, कळ आली. त्याने वाटी उचलली आणि तेल आणायला गेला. गादीवाल्याने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि दोस्ताचा समुद्रही त्याच धोंड्याखाली गेला.

टेम्पोत पोस्टमन त्याच्या शेजारी बसला. नदी दिसेनाशी होईपर्यंत मागे बघत होता, आणि खड्डा आला की हात पुढे करून याचा गुडघा धरत होता.

गावात टेम्पो आधी गादीवाल्याच्या दारात थांबला. पोस्टमनची बायको डबा घेऊन उभीच होती. "भाऊजी, आठ दिवस उंबरा ओलांडायचा नाही हं!" पोस्टमनने त्याला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, तेलाची बाटली उशाशी ठेवली. बाहेरून नातवंडांनी "आजोबा, समुद्र केवढा होता?" म्हणून गलका केला.

"पुढच्या वेळी बघून सांगतो," पोस्टमन त्यांना म्हणाला. मग दारातून वळून गादीवाल्याला म्हणाला, "दुखलं तर हाक मार. लगेच येतो."

गलका गल्लीच्या टोकाला जाऊन विरला. गादीवाला डबा ठेवायला उठला. बघायला कोणी नव्हतं, तरी लंगडतच स्वयंपाकघरात गेला. तिथल्या दोन खुर्च्या त्यानेच भरलेल्या. एक दबलेली, दुसरी अजून नव्यासारखी फुगलेली. दबलेली बायकोची. तो पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर नीट टेकून बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. घरात कोणी खोकलं नाही.

हाक मारली असती तर पोस्टमन खरोखर धावत आला असता. गादीवाल्याने तोंड उघडलंही. पण आल्या आल्या तो विचारणार, "कुठे दुखतंय?" आणि तेल चोळता येईल अशी एकही जागा गादीवाल्याला अंगावर सापडेना.