दुरडीतली राखलेली भाकरी

दाजींचा फोन आला तेव्हा मी खुलताबादेत एका लग्नाच्या पंगतीत होतो, हातात जिलबी. "तुझी ताई गेली रे," एवढंच म्हणाले. जिलबी ठेवायची कुठं ते कळेना... ती तशीच धरून मी पडेगावात त्यांच्या दारात उभा राहिलो. नलूताई असती तर पोट धरून हसली असती.

नलूताई माझी मामेबहीण. भाकरीची दुरडी रिकामी करायची नाही, हा तिच्या घरचा नेम. सगळे जेवले तरी फडक्याखाली एक भाकरी राहिलीच पाहिजे, अवचित कुणी आलं तर असावी म्हणून. तो अवचित कुणी बहुधा मीच असायचो. "आला पाहुणा. बायको जेवू घालत नाय वाटतं," ती म्हणायची. "घालते की, पण तिथं मला पाहुणा म्हणत नाहीत," मी चटणी शोधत म्हणायचो.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ही बाई चक्क युगांडात गेली. निर्वासितांच्या वस्तीजवळ अनाथ मुलांसाठी देणग्यांवर चालणारी शाळा होती, तिथं शिकवायला. इकडं दाजी भिंतीवरच्या नकाशात तिला शोधत बसायचे आणि भाकऱ्या थापायला शिकायचे. त्या भाकऱ्याही नकाशातल्या देशांच्या आकाराच्या व्हायच्या. ताई सुट्टीला यायची ती न कळवता. रिक्षातून उतरून थेट स्वयंपाकघरात, आणि आधी दुरडीवरचं फडकं उचलून बघायची.

अशाच एका दुपारी, कडुनिंबाच्या सावलीत, दूर दौलताबादचा किल्ला उन्हात विरघळत असताना ती सांगत होती, आणि अंगणातली माती मला हळूहळू तिकडच्यासारखी लाल दिसायला लागली... तिकडं ती पांढऱ्या मक्याच्या भाकऱ्या करायची आणि रोज एक टोपलीत राखायची. कुणाची, म्हणून मुलांनी विचारलं, तर म्हणाली, "जे माणूस अजून वाटेवर आहे त्याची." अचोल नावाची मुलगी लढाईच्या पळापळीत आईपासून सुटली होती. ताईचं हे उत्तर ऐकल्यापासून ती टोपलीजवळ राखणीला बसू लागली. ताईला वाटलं, पोर मोठी शिस्तीची. मग एका संध्याकाळी लांबून चालत एक नवं पोर आलं आणि ताईनं ती भाकरी त्याच्या हातात दिली. अचोल रडली नाही. फक्त म्हणाली, "आता आई आली तर?"

"मग गं?"

"मग काय, पुन्हा चूल पेटवली. तवापासून दोन ठेवतो. एक येईल त्याची, एक अचोलच्या आईची."

"आली का आई?"

"नाय अजून."

"मग शिळी होत असेल की ती."

"सकाळी अचोल खाते. आईनं ठेवली म्हणते."

त्या सुट्टीपासून पडेगावच्या दुरडीतही दोन भाकऱ्या राहू लागल्या. दुसरीला मी, माझ्यासारख्या हावऱ्यानंसुद्धा, कधी हात लावला नाही.

परवा पुन्हा गेलो. दाजी माठात पाणी ओतत होते. मी सवयीनं फडकं उचललं. दोन भाकऱ्या नेहमीच्याच, नकाशातून कापून आणल्यासारख्या. त्यांच्याखाली तिसरी. ती मात्र छान गोल, कडांपर्यंत सारखी थापलेली.

"दाजी, ही कुणाची?"

"अचोलचा फोन आला होता. तिनंही तिकडं एक वाढवली म्हणाली." ते वळले नाहीत. "तुझी ताई कधी सांगून आलीय का?"

मी माझी भाकरी घेतली आणि फडकं पुन्हा नीट झाकलं.